राजा बोलला की वेताळ झाडावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८५ साली आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, तोही कृष्णधवल, आणि तो घरमालकांच्या माजघरात. दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ सुरू झाली, तेव्हा त्या माजघरात पोरासोरांसकट पंचवीसेक माणसं दाटीवाटीनं बसायची. माझी आजीही यायची. तिला हिंदी फारसं कळत नसे. पण वेताळाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला राजानं तोंड उघडलं रे उघडलं, की ती सगळ्यांच्या आधी म्हणायची, “बोलला! गेलं आता झाडावर!” आणि पुढच्याच क्षणी वेताळ राजाचा खांदा सोडून हवेत.

भाषा कळत नसताना आजीला गोष्ट कळत होती, कारण तिला नियम माहीत होता. खरं म्हणजे नियम दोन होते. राजा वाटेत बोलला, तर वेताळ परत झाडावर जाणार. आणि उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला, तर त्याचं डोकं फुटणार. या दोन नियमांच्या कात्रीत तो बिचारा राजा सापडलेला. मेलेलं माणूस बोलतं कसं, हवेत उडतं कसं, हे त्या माजघरात कुणी एकदाही विचारलं नाही. ते सगळ्यांनी पहिल्याच भागात मान्य करून टाकलं होतं. पण एखाद्या आठवड्यात राजा बोलला असता आणि वेताळ मुकाट्यानं खांद्यावरच बसून राहिला असता, तर पंचवीसच्या पंचवीस माणसांनी एका सुरात विचारलं असतं, “हे काय?”

आज मला बोलायचं आहे ते या “हे काय?”बद्दल. अद्भुताच्या मालिकांमध्ये वाटेल ते घडू शकतं, मग तिथं नियम कशाला, असं पुष्कळांना वाटतं. टीव्हीचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. जिथं वाटेल ते घडू शकतं, तिथंच प्रेक्षक नियमांच्या बाबतीत सावकारासारखा हिशेब ठेवतो. ॲरिस्टॉटलनं काव्यशास्त्रात फार पूर्वी म्हणून ठेवलं आहे, की न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी. पण ॲरिस्टॉटलच्या नाटककाराला दर आठवड्याला नवा भाग द्यायचा नव्हता! कादंबरीला एक लेखक असतो. मालिकेला दहा-वीस लेखक असतात, ते बदलत राहतात, निर्माते बदलतात, नट आजारी पडतात, पैसे संपतात. अशा धबडग्यात एका कल्पित जगाचे कायदे सांभाळायचे कुणी?

आता गंमत अशी, की यातले बरेच प्रसिद्ध कायदे कुणी विचारपूर्वक केलेलेच नव्हते. ते अडचणीतून आले. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. पुढं ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननंही ती दाखवली, त्यामुळे टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांच्यापुढे पहिलाच पेच होता तो असा: एंटरप्राइज हे अवाढव्य यान दर आठवड्याला एका नव्या ग्रहावर उतरवायचं. ते पडद्यावर दाखवायला लागणारा पैसा आणि वेळ दोन्ही नव्हते. मग यान वरच फिरत ठेवायचं आणि माणसं तेवढी झगमगत विरघळून खाली ग्रहावर प्रकट व्हायची, असा तोडगा निघाला. या यंत्राचं नाव ट्रान्सपोर्टर. प्रकाशाच्या झोतात ॲल्युमिनियमची भुकटी सोडून तिचं चित्रण केलं, की ती झगमग तयार व्हायची. खर्च अगदी थोडा.

पण स्वस्तात घेतलेल्या वस्तूची किंमत नंतर मोजावी लागते. ज्या क्षणी ट्रान्सपोर्टर आला, त्या क्षणी मालिकेतलं संकटच संपलं! कॅप्टन कर्क राक्षसाच्या तावडीत सापडला? वर घ्या. दरड कोसळते आहे? वर घ्या. दोन मिनिटांत गोष्ट खलास. म्हणून लेखकांना मागाहून कुंपणं घालावी लागली. यानाभोवती संरक्षक कवच उभं असेल, तर कुणाला वर घेता येत नाही. संदेशयंत्र हरवलं, तर माणूस नेमका कुठं आहे ते कळत नाही. यंत्र बिघडू शकतं. त्या काळातले भाग आज पाहिले, तर कर्क आणि मंडळी ग्रहावर उतरली की त्यांची संदेशयंत्रं हरवण्याचं प्रमाण जरा संशयास्पद वाटतं, हे कबूल केलं पाहिजे. पण त्या कुंपणांमुळेच त्या जगात पुन्हा भीती आली.

यातला एक भाग मला फार आवडतो. ऑक्टोबर १९६६ मध्ये दाखवलेला, रिचर्ड मॅथेसन यांनी लिहिलेला. ट्रान्सपोर्टर बिघडतो आणि कॅप्टन कर्कचे दोन कर्क होतात, एक सौम्य आणि एक हिंस्र. यंत्र दुरुस्त होईपर्यंत कुणाला वर घेणं धोक्याचं, आणि इकडं खाली ग्रहावर सुलू आणि त्याचे साथीदार रात्रीच्या जीवघेण्या थंडीत कुडकुडत अडकलेले. शस्त्रांच्या किरणांनी दगड तापवून ते ऊब घेताहेत. छाती धडधडावी असा प्रसंग. पण ज्यांनी ही मालिका उलट्यासुलट्या क्रमानं पाहिली, त्यांना हमखास एक प्रश्न पडतो: यानावर छोटी विमानं आहेत की! त्यातलं एक पाठवून या माणसांना आणत का नाहीत?

उत्तर अगदी साधं आहे. ते छोटं यान तेव्हा तयारच झालेलं नव्हतं. कथेत नव्हे, स्टुडिओत! त्यासाठी निर्मात्यांकडे पैसे नव्हते. पुढं प्लास्टिकच्या खेळण्यातल्या प्रतिकृती बनवणाऱ्या एका कंपनीनं, त्या विकण्याच्या हक्कांच्या बदल्यात, ते बांधून दिलं आणि जानेवारी १९६७ मध्ये ते पडद्यावर ठळकपणे आलं. म्हणजे प्रेक्षकाला जी कथेतली चूक वाटते, ती प्रत्यक्षात हिशेबाच्या वहीतली रिकामी जागा होती. पण प्रेक्षकाला हिशेबाची वही दिसत नाही. त्याला जग दिसतं, आणि त्या जगात एक वस्तू आज आहे आणि तीन महिन्यांपूर्वी नव्हती, हे त्याला खुपतं.

पुढं १९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ नव्या अवतारात आली, तेव्हा निर्माते शहाणे झाले होते. रिक स्टर्नबाक आणि मायकेल ओकुडा या दोघांनी लेखकांसाठी एक तांत्रिक पुस्तिकाच तयार केली: यानाचं कोणतं यंत्र काय करू शकतं आणि काय करू शकत नाही. तोपर्यंत विज्ञान जाणणारे प्रेक्षक विचारू लागले होते, की हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाप्रमाणे कणाची जागा आणि गती दोन्ही एकाच वेळी अचूक कळत नाहीत, मग तुमचा ट्रान्सपोर्टर माणूस पुन्हा जुळवतो कसा? यावर ओकुडांनी काय करावं? यंत्रात ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ नावाचा एक भाग बसवून टाकला. तो चालतो कसा, असं त्यांना विचारलं गेलं, तेव्हा फार छान चालतो, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं होतं.

हे हसण्यावारी नेऊ नका. त्या उत्तरात एक शहाणपण आहे. यंत्र कसं चालतं हे सांगायची जबाबदारी गोष्टीवर नसते. ते कधी चालत नाही, एवढं मात्र तिनं सांगितलंच पाहिजे, आणि मग ते पाळलं पाहिजे. वेताळ कसा उडतो हे आजीनं कधी विचारलं नाही. तो कधी उडणार, ते मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसरी कहाणी इंग्लंडातली आहे आणि ती जास्त लांबलचक आहे, कारण ती मालिका मधले काही खंड सोडले तर साठ वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. बीबीसीची ‘डॉक्टर हू’. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ चा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. डॉक्टर नावाचा एक विक्षिप्त म्हातारा, काळातून आणि अवकाशातून प्रवास करणारा. त्याचं यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या फोनखोक्यासारखं दिसतं आणि आतून प्रचंड मोठं. खरं तर ते यान जाईल तिथल्या परिसरासारखं रूप घेतं अशी मूळ कल्पना होती. पण दर वेळी नवं रूप बनवायचं म्हणजे खर्च. म्हणून रूप बदलायची यंत्रणा बिघडली आणि ते खोक्यातच अडकलं, असं ठरलं. पुन्हा तेच: अडचणीचा झाला नियम, आणि नियमाची झाली ओळख.

१९६६ मध्ये मोठीच अडचण आली. डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली. मालिका लोकप्रिय, आणि नायकच उभा राहू शकत नाही. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात थकलेला डॉक्टर जमिनीवर कोसळतो, त्याचा चेहरा उजळून निघतो आणि उठतो तो दुसराच नट, पॅट्रिक ट्रॉटन! डॉक्टर माणूस नाही, त्याचं शरीर जीर्ण झालं की त्याला नवं शरीर मिळतं, असा नवा कायदा त्या संध्याकाळी झाला. त्याला ‘रिजनरेशन’ हे नाव मिळालं ते आणखी आठ वर्षांनी, १९७४ मध्ये.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण ते रेडिओच्या श्रोत्यांना जवळचं वाटेल. त्या काळी बीबीसी जुन्या टेप पुसून पुन्हा वापरत असे. टेप महाग होत्या, आणि जुने भाग पुन्हा कोण पाहणार असा हिशेब. त्यात ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग कायमचे गेले. नायक बदलण्याचा तो ऐतिहासिक भागही त्यातच गेला. चेहरा बदलण्याचं तेवढं दृश्य वाचलं, कारण ते दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरलं गेलं होतं. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. का? तर घरोघरी काही वेडी मुलं टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर ठेवून बसायची आणि शनिवारी संध्याकाळी आवाज टिपून घ्यायची. संस्थेनं पुसलं आणि प्रेक्षकांनी जपलं. मालिकेचे कायदे कुणी सांभाळायचे, हा जो प्रश्न मी मघाशी विचारला, त्याचं निम्मं उत्तर या टेपांमध्ये आहे. लिहिणारे बदलतात, विसरतात. ऐकणारा विसरत नाही.

आता नायकाला नवं शरीर मिळत राहणार म्हटल्यावर तो अमर झाला. आणि अमर माणसाच्या गोष्टीत जीव मुठीत धरून बसणार कोण? १९७६ मध्ये रॉबर्ट होम्स या लेखकानं यावर एक मर्यादा घातली. त्याला खरं तर डॉक्टरच्या शत्रूला, मास्टरला, मरणासन्न दाखवायचं होतं. म्हणून त्यानं लिहून टाकलं, की या जातीच्या लोकांना बाराच वेळा शरीर बदलता येतं. तेरावं शरीर शेवटचं. तेव्हा डॉक्टरचा चौथा अवतार चालू होता. बारावी पाळी कधी येणार? आपल्या हयातीत नक्कीच नाही, असंच कुणालाही वाटलं असतं.

ती आली. सदतीस वर्षांनी. मालिका १९८९ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, नट बदलत गेले, आणि २०१३ मध्ये मॅट स्मिथ हा अकरावा डॉक्टर जायला निघाला. तुम्ही म्हणाल, अकरावा म्हणजे अजून दोन शिल्लक. पण मधल्या काळात एक भानगड झाली होती. पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं जॉन हर्ट यांचा एक लपवलेला अवतार मोजणीत आला होता, आणि २००८ मध्ये दहाव्या डॉक्टरनं जखमी झाल्यावर एक पाळी खर्च करून चेहरा मात्र तोच ठेवला होता. बोटं मोजणाऱ्यांनी मोजली: बारा पाळ्या संपल्या!

निर्मात्यांना हे कानाआड करता आलं असतं. १९७६ सालची एक ओळ, कुणाला आठवते? स्टीव्हन मॉफट या लेखकानं तसं केलं नाही. नाताळच्या दिवशी दाखवलेल्या भागात त्यानं डॉक्टरलाच हा हिशेब सांगायला लावला. माझ्या पाळ्या संपल्या, आता मी मरणार. आणि मग तो एका लहानशा गावाचं रक्षण करत शेकडो वर्षं राहतो, म्हातारा होतो, काठी टेकतो. अखेर त्याच्या जातीचे लोक त्याला पाळ्यांचा नवा संच देतात. ही पळवाट नव्हे का? आहे. पण तिचा दरवाजा १९८३ मध्येच करून ठेवलेला होता. तेव्हाच्या एका भागात याच लोकांनी मास्टरला असा नवा संच देऊ केला होता. म्हणजे सूट मिळाली तीही कायद्याच्या पुस्तकातल्या कलमानुसार. शिवाय ती मिळण्याआधी डॉक्टरला मरणाच्या दारात उभं राहावं लागलं.

पुढं मार्च २०२० मध्ये दुसऱ्या एका लेखकानं वेगळाच उलगडा केला. डॉक्टर मुळात त्या जातीचा नाहीच, तो कुठून तरी आलेलं अनाथ मूल, त्याला शरीरांची मर्यादाच नाही, आणि हार्टनेलच्या आधीही त्याची कितीतरी आयुष्यं होऊन गेली. प्रेक्षकांत यावरून मोठी फूट पडली. अनाथ मुलाची कल्पना करुण आहे, हे मी मान्य करतो. पण मला विचाराल, तर तिनं डॉक्टरकडून मरण काढून घेतलं. २०१३ चा तो काठी टेकणारा म्हातारा आज पुन्हा पाहताना मनात येतंच, की अरे, तुला तर काहीच होणार नव्हतं! नंतर केलेल्या एका नियमानं आधीच्या अश्रूंची किंमत कमी केली.

मग प्रत्येक विसंगती इतकी वाईट का? मुळीच नाही. याच मालिकेत अटलांटिस हे पौराणिक नगर कसं बुडालं याची तीन वेगवेगळी कारणं आहेत, १९६७, १९७१ आणि १९७२ सालची. तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. लोक त्यावर विनोद करतात आणि पुढं जातात. कारण अटलांटिसच्या बुडण्यावर आपल्या माणसाचा जीव टांगलेला नाही. प्रेक्षक चिडतो ते ज्या नियमावर भीती उभी आहे, तो नियम हलला तर. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं तेच झालं. २०११ च्या पहिल्या भागात राजाला उत्तरेला पोहोचायला महिना लागल्याचा उल्लेख आहे, आणि पुढं कित्येक भाग ते अंतर माणसांचा घात करत राहिलं: बातमी उशिरा पोहोचते, मदत उशिरा येते, माणूस मरतो. ऑगस्ट २०१७ च्या एका भागात मात्र बर्फात अडकलेल्या मंडळींचा निरोप घेऊन पक्षी इतक्या झटपट दक्षिणेला जातो आणि ड्रॅगन इतक्या झटपट येतात, की जगभरचे लोक नकाशा आणि घड्याळ घेऊन बसले. ड्रॅगन आहेत याबद्दल त्यांची तक्रार नव्हती बरं का! वेळेवर आले, ही तक्रार होती.

आपल्याकडे हा प्रश्न एकदा पडद्याबाहेरही आला होता. १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. गंगाधरच्या चष्म्यामागचा माणूस कुणाला कसा ओळखू येत नाही, यावर आम्ही मोठी माणसं हसत होतो. मुलं हसत नव्हती. संकटात सापडलेल्या मुलाला शक्तिमान वाचवतोच, हा नियम त्यांनी मालिका पाहून आपला आपणच काढला होता. मुलांनी त्याच्या भरवशावर स्वतःला धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळात छापून आल्या. त्या घटनांचा मालिकेशी खरोखर किती संबंध होता, यावर तेव्हाही वाद झाला. पण मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांना सांगावं लागलं, की असलं काही करू नका. आमच्या शेजारचा सहा वर्षांचा मुलगा त्या दिवसांत जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा राहून गोल गोल फिरायचा. मी त्याला विचारलं, “शक्तिमान आला नाही तर?” तो इतक्या शांतपणे म्हणाला, “असं कसं? येतोच ना तो!” त्या पायरीवरून मी त्याला उचलून खाली ठेवलं, पण त्याला उत्तर काय द्यावं ते मला सुचलं नाही. त्याच्या जगाचा कायदा माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होता.

आता वेताळाकडे परत जातो. ती गोष्ट मुळात टीव्हीची नाहीच. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त ती आहे, आणि मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळ पंचविशी’ १८३० सालची. एके वर्षी उन्हाळ्यात गच्चीवर आजीनं आम्हाला तिचा शेवट सांगितला. शेवटच्या खेपेला वेताळ एक विचित्र गोष्ट सांगतो. एक बाप आणि एक मुलगा रानात बायकांच्या पावलांचे ठसे पाहतात. एक ठसा मोठा, एक लहान. मोठ्या पावलांची ती बापाची बायको, लहान पावलांची ती मुलाची, असं त्यांचं ठरतं. प्रत्यक्षात त्या निघतात मायलेकी, आणि मोठी पावलं असतात लेकीची! ठरल्याप्रमाणे बाप लेकीशी लग्न करतो, मुलगा आईशी. वेताळ विचारतो, आता यांना मुलं झाली, तर ती एकमेकांची कोण?

राजा विचार करतो. चालत राहतो. बोलत नाही. आणि वेताळ खांद्यावरच राहतो. तो प्रसन्न होतो, आणि ज्या साधूसाठी राजा प्रेत वाहून नेतो आहे, तो साधू राजाचाच बळी देणार आहे, हे त्याला सांगून त्याचा जीव वाचवतो.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो, आणि मला आजीला पकडायचं होतं. मी म्हटलं, “पण आजी, राजाला उत्तर येतही असेल. इतक्या खेपा मारून तो शहाणा झाला असेल आणि मुद्दामच गप्प राहिला असेल.”

आजी पंख्यानं वारा घेत होती. ती थांबली.

“येत असतं आणि गप्प राहिला असता, तर डोकं फुटलं असतं,” ती म्हणाली. “फुटलं का?”